सरकारची हमी आहे म्हणतात, मग मॅनेजर घराचा उतारा का मागतो? (धागा २०२५ च्या अखेरचा)

खोकेवाला

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी तासगाव तालुक्यातला. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात अकरा वर्षं झाली. आधी मशीनवर होतो, आता सुपरवायझर. आमच्या भागात बेदाण्याला पंधरा किलोचं खोकं लागतं आणि हंगामात रात्रपाळी लावूनही माल पुरत नाही. मालकांच्या गाडीतून खोकी पोचवताना दर वेळी वाटायचं, हे आपण का करू नये? वडिलांचं पत्र्याचं शेड रिकामंच आहे.

मशीनची कोटेशनं घेतली. सिंगल फेसर, पेस्टिंग, रोटरी, स्लॉटर, दोन स्टिचिंग आणि एका फेरीचा कागद धरून १८ लाख. सीएकडून प्रोजेक्ट रिपोर्ट करून घेतला आणि पीएमईजीपीत, म्हणजे नव्या उद्योगाला बँक कर्जासोबत अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेत, अर्ज टाकला. ग्रामीण भाग, खुला प्रवर्ग, म्हणजे २५ टक्के अनुदान आणि स्वतःचे १० टक्के. जिल्हा उद्योग केंद्रातून अर्ज बँकेत गेला.

मॅनेजरसाहेब माणूस चांगला. चहा पाजला, कारखान्याचं सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाले, "घराचा उतारा आणि एक पगारदार जामीनदार घेऊन या." मी म्हटलं, साहेब, सरकारची हमी असते ना या कर्जाला? तर म्हणाले, "ती हमी आमच्यासाठी असते, तुमच्यासाठी नाही."

घरी येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात. कुणी समजावून सांगेल का? आणि उतारा द्यावा का?

शिरोळचा_पांडू

धाग्यात खोकी दिसली म्हणून धावत आलो. ही पुठ्ठ्याची निघाली. निराश होऊन परत जातो. (हलके घ्या)

मीनल_क

पांडू, राजकारणाचे धागे तिकडे आहेत. यांचा प्रश्न खरा आहे, राहू दे.

खोकेवाला, अकरा वर्षं तेच काम केलेला माणूस अर्ज करतोय, हे बँकेला सोन्याहून पिवळं वाटायला हवं. माझ्या माहितीतले निम्मे अर्जदार "आधी अनुदान कशाला मिळतंय बघू, मग धंदा ठरवू" या जातीचे.

खातेउतारा

३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली नऊ शाखाधिकारी म्हणून. त्या मॅनेजरनं तुम्हाला खरं सांगितलं, तेही चहा पाजून. आमच्या वेळी दोन्ही मिळत नसे.

सीजीटीएमएसई नावाचा ट्रस्ट केंद्र सरकारनं आणि सिडबी या लघुउद्योगांच्या बँकेनं मिळून २००० साली काढला. बँक तारण न घेता छोट्या उद्योगाला कर्ज देते आणि ट्रस्टकडे हमीचं शुल्क भरते. तुमच्या आकाराच्या कर्जाला ते वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास बसतं आणि बहुतेक वेळा तुमच्याच खात्याला पडतं. उद्या तुमचे हप्ते थकले, ९० दिवस उलटले, खातं एनपीए म्हणजे थकीत ठरलं की बँकेनं आधी तुमच्यावर कायदेशीर कारवाई सुरू करायची आणि मग ट्रस्टकडे दावा लावायचा. हमी असते साधारण ७५ टक्क्यांची, अगदी छोट्या कर्जाला ८५. त्यातलेही तीन चतुर्थांश आधी मिळतात, उरलेले वसुलीचं सगळं आटोपल्यावर.

आणि ट्रस्टनं बँकेला पैसे दिले म्हणून तुमचं कर्ज फिटलं असं होत नाही. वसुली सुरूच राहते, सिबिलवरचा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरचा, डाग राहतो. लोक इथंच फसतात. हमी म्हणजे माफी असं धरून चालतात.

आता मॅनेजर तरीही उतारा का मागतो? कारण खातं बुडालं की प्रश्न ट्रस्टला नाही, त्याला विचारला जातो. "पाहणीला गेला होतात का? मशीन खरंच आलं होतं का?" बदली झाल्यावर, अगदी निवृत्तीच्या तोंडावरसुद्धा फाइल उघडते. उतारा हातात असला की झोप लागते. हे योग्य आहे असं मी म्हणत नाही, होतं असं.

तुमच्या कामाची गोष्ट ही: १० लाखांपर्यंतच्या सूक्ष्म-लघु उद्योगाच्या कर्जाला तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा आत्ता, २०२५ मध्ये, नियमच आहे. त्यावरच्या रकमेला बँक तारण घेऊ शकते किंवा सीजीटीएमएसईखाली देऊ शकते. निवड तिची. तुम्ही १८ लाख मागितलेत, म्हणजे स्वतःहून त्या गल्लीत शिरलात.

हडसनकाठ

काका, छान लिहिलंत. इकडे अमेरिकेतही फार वेगळं नाही हो. न्यू जर्सीत मी आणि एका मित्रानं मिळून छापखाना घेतला तेव्हा एसबीएचं सेव्हन-ए कर्ज काढलं होतं. एसबीए म्हणजे १९५३ पासूनचं त्यांचं लघुउद्योग खातं. या योजनेत कर्ज बँकच देते, सरकार फक्त हमी देतं: दीड लाख डॉलरपर्यंत ८५ टक्के, त्यावर ७५. आकडे ओळखीचे वाटतात ना?

मलाही वाटलं होतं की सरकार पाठीशी आहे. मग कागद आले. धंद्यात २० टक्के किंवा जास्त वाटा असलेल्या प्रत्येकानं वैयक्तिक हमी द्यायची. शिवाय माझ्या घरावर त्यांचा बोजा. बायकोनं सही करताना विचारलं, "यात सरकार कुठं आहे?" मी म्हटलं, तिसऱ्या पानावर तळाला, बारीक अक्षरात.

दमडीची_कोंबडी

सगळ्या योजना बंद करा म्हणतो मी. अनुदान घ्यायचं, तीन वर्षं पाटी लटकवायची, मग कुलूप. आमच्या गल्लीत नव्वदच्या दशकात पंतप्रधान रोजगार योजनेतून एकानं "इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती" काढली. एक लाखाचं कर्ज, साडेसात हजार अनुदान. दुरुस्तीला आलेला एकमेव टीव्ही त्यानं स्वतः घेतलेला होता. पैसा तुमच्या आमच्या करातून.

मीनल_क

आणि त्याच काळात मोठ्या उद्योगांनी बुडवलेली कर्जं कुणाच्या करातून भरली? साडेसात हजारांचा माणूस लक्षात राहतो कारण तो आपल्या गल्लीत राहतो.

माझ्या मावशीचं सांगते. पुण्यात मंडईजवळ फुलांची पाटी. २०२० च्या टाळेबंदीनंतर हातात एक रुपया नव्हता. फेरीवाल्यांसाठीच्या पीएम स्वनिधीतून आधी १० हजार मिळाले, तारण नाही, जामीन नाही. ते फेडले, मग २०, मग ५० हजार. तिसऱ्या कर्जातून तिनं फुलांसाठी जुना डीप फ्रीझर घेतला. त्याआधी ती पहाटे पैसे घेऊन रात्री व्याजासकट परत करायची. शंभराचे ९० हातात यायचे. तिच्यासाठी हीच सगळ्यात मोठी योजना.

दमडीची_कोंबडी

मावशींना नमस्कार. त्यांच्याविरुद्ध काहीच नाही. कुलूपवाल्यांविरुद्ध आहे.

खातेउतारा

कुलूपवाल्यांसाठीच तर तीन वर्षांची अट आहे. अनुदान तुमच्या हातात येत नाही. बँकेत तुमच्या नावानं तीन वर्षांची ठेव म्हणून पडून राहतं. ठेवीवर व्याज नाही आणि तेवढ्या कर्जावरही बँक व्याज लावत नाही. तीन वर्षांनी प्रत्यक्ष पाहणी होते, युनिट चालू असलं तर ती रक्कम कर्जात वळती करतात. बंद आढळलं तर परत जाऊ शकते.

म्हणून खोकेवाल्यांचं गणित असं: १८ लाखांपैकी १.८० लाख स्वतःचे, बँक देणार १६.२० लाख, त्यात ४.५० लाख अनुदानाचे अडकलेले. व्याज चालेल ११.७० लाखांवर. वाईट नाही. पण "अनुदान येईल, त्यातून कागद घेऊ" असं डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका.

अवांतर: जिल्हा उद्योग केंद्रं १९७८ ला सुरू झाली. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि वाटलं होतं आता गावोगाव कारखाने.

पणजीकर

आमच्याकडे गोव्यात ईडीसी या सरकारी वित्त महामंडळाची मुख्यमंत्री रोजगार योजना आहे. माझ्या चुलतभावानं त्यातून म्हापशाला बेकरीचा ओव्हन घेतला. कर्ज मिळालं, ओव्हन आला, पाव उत्तम. मैदेवाला मात्र रोख मागतो आणि हॉटेलं महिन्याच्या अखेरीस देतात. ओव्हनला कर्ज मिळतं, मैद्याला मिळत नाही. तो अजून रात्री झोपत नाही, पण ते पावामुळं म्हणतो.

सीएची_वही

पणजीकरांनी नेमकं बोट ठेवलंय. खोकेवाला, तुमच्या धाग्यातला खरा प्रश्न उताऱ्याचा नाहीच. तुमच्या रिपोर्टमध्ये खेळतं भांडवल किती धरलंय? "एका फेरीचा कागद" म्हणजे किती दिवसांची फेरी?

क्राफ्ट कागदाची मिल नव्या माणसाला उधार देणार नाही. बेदाणा शेडवरून शीतगृहात जातो, सौदे निघतील तेव्हा विकला जातो. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक खोकी फेब्रुवारी-मार्चमध्ये नेणार आणि पैसे कधी देणार, हे तुम्हीच सांगा. हप्ता मात्र दर महिन्याला.

त्यात जीएसटीची नवी गंमत. सप्टेंबर २०२५ पासून खोक्यावर ५ टक्के, पण कागदावर १८. तुम्ही कागद घेताना १८ भरणार, खोकं विकताना ५ गोळा करणार. फरक परताव्यात मिळतो, पण अर्ज करून, वाट बघून. तोपर्यंत ते पैसे तुमच्याच खिशातून अडकलेले. महिन्याला तीन लाखांचा कागद घेतलात तर घेतानाच कराचे ५४ हजार भरायचे.

माझ्याकडं आलेली बंद युनिटं मशीन वाईट म्हणून बंद पडलेली नाहीत. सीसी लिमिट (खेळत्या भांडवलासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज) न घेता नुसतं मुदत कर्ज घेतलं म्हणून पडलीत.

शिरोळचा_पांडू

परत आलो. गंभीर प्रतिसाद: सीसी नाही मिळाली तर पतसंस्था आहे. आमच्या इथं रोज संध्याकाळी पिग्मीवाला येतो, माझी सगळी आर्थिक परिस्थिती त्याला माझ्या बायकोपेक्षा जास्त माहीत. कर्ज दोन दिवसांत देतात. व्याज जास्त, पण "उद्या या" नाही.

सीएची_वही

पांडू, दोन दिवसांत मिळणाऱ्या कर्जाचं व्याज दोन दिवसांत कळत नाही. एक-दोन महिन्यांची अडचण असेल तर ठीक. त्यावर मशीन घेऊ नये.

गणूदादा_५५

मला फोन आलेला, मुद्रातून पाच लाख मंजूर, फक्त २,१०० रुपये फाइल चार्ज भरा. भरू का?

मीनल_क

नको! नको! नको!

खातेउतारा

गणूदादा, मुद्रा स्वतः कुणाला कर्ज देत नाही. ती बँकांना मागून पैसा पुरवते. २०१५ पासून योजना चालू आहे: शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि तरुणचं कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. पण कर्ज देणार तुमची बँकच. मंजुरीचा फोन करून पैसे मागणारा चोर. छोट्या उद्योगाची सरकारी उद्यम नोंदणीसुद्धा फुकट असते, तिचे हजार-दीड हजार घेणारे दुकानदार मात्र प्रत्येक तालुक्याला आहेत.

दादा_साताऱ्याचा

खोकेवाला, तुम्ही मराठा असाल तर अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा बघा. १५ लाखांपर्यंतच्या कर्जाला. पात्रता प्रमाणपत्र काढायचं, बँकेकडून कर्ज घ्यायचं, हप्ता आपण आधी भरायचा, मग व्याज महामंडळाकडून खात्यात. माझ्या पिकअपला घेतलंय. सुरुवातीला चार महिने आले नाहीत, मग एकदम आले. एक हप्ता चुकला की त्या महिन्याचं गेलं, एवढं लक्षात ठेवायचं. पीएमईजीपी आणि हे दोन्ही एकाच युनिटला नाही चालत बहुतेक, विचारून घ्या.

सीएची_वही

बहुतेक नाही, नाहीच. दुसऱ्या सरकारी योजनेचा लाभ घेतलेल्या युनिटला पीएमईजीपी मिळत नाही. दोन्हीपैकी एक निवडा.

व्यवहारी

एवढं सगळं चाललंय आणि सोपा उपाय कुणी सांगत नाही. अर्ज बायकोच्या नावानं करा! महिलेला ग्रामीण भागात ३५ टक्के आणि स्वतःचे फक्त ५ टक्के. १८ लाखांवर ४.५० ऐवजी ६.३० लाख अनुदान. सगळे असंच करतात.

कावेरी

व्यवहारी, "सगळे असंच करतात" हे वाचून लिहायला बसले. सहसा असं काही लिहीत नाही.

माझ्या नावावर किशोर मुद्रा घेतलं होतं, साडेतीन लाख. धंदा नवऱ्याचा, मोबाइल दुरुस्तीचं दुकान. बँकेत मी दोनदा गेले. एकदा सहीला आणि एकदा "मॅडमना स्वतःला बोलावलंय" म्हणून. मॅनेजरनं विचारलं, दुकानात रोजची विक्री किती? मी नवऱ्याकडं बघितलं. त्यानं सांगितलं. मॅनेजरनं लिहून घेतलं.

दीड वर्षानं आम्ही वेगळे झालो. दुकान त्याच्याकडं, माल त्याच्याकडं, कर्ज माझ्याकडं. वसुलीची माणसं माझ्या आईच्या दारात. मी म्हटलं, याला सरकारची हमी आहे ना? तर त्यांतला एक म्हणाला, "ताई, बँकेचे पैसे बँकेला मिळतील. तुमचं नाव काढायला हमी नसते." नंतर मला शिलाईची दोन मशीन घ्यायची होती, ८० हजार. तीन ठिकाणी सिबिल बघून नाही म्हणाले. आईच्या बांगड्या ठेवून घेतली.

सही तिची म्हणजे कर्ज तिचं. बाकी तुम्ही ठरवा.

दमडीची_कोंबडी

कावेरीताई, लिहिलंत हे बरं केलंत. यावर माझ्याकडं विनोद नाही.

व्यवहारी

माझा तसा हेतू नव्हता. अनुदानाचंच बोलत होतो.

खातेउतारा

व्यवहारींना एक आठवण. पीएमईजीपीत नवरा-बायको मिळून एक कुटुंब धरतात आणि कुटुंबात एकालाच लाभ. बायकोच्या नावावर टाकलंत की तुमचं दार बंद. आणि प्रशिक्षण तिनं करायचं, मुलाखतीची उत्तरं तिनं द्यायची. पाहणीला येणारा माणूस विचारतो, "स्टिचिंगची वायर कुठून आणता?" उत्तर यायला पाहिजे.

हडसनकाठ

कावेरी यांच्या प्रतिसादानंतर आज मी आमची कर्जाची फाइल काढून बायकोसोबत वाचली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

खोकेवाला

मंडळी, पंधरा दिवस काही लिहिलं नाही, माफ करा. रोज वाचत होतो. मी एकट्यानं नाही, घरात दोघांनी.

काय झालं ते सांगतो. सीएची_वहींचा प्रतिसाद वाचून वहीत लिहायला बसलो. मालकांच्या गाडीबरोबर जायचो म्हणून कोणता व्यापारी कधी पैसे देतो हे मला तोंडपाठ आहे. तीन जण महिन्याच्या आत, बाकीचे दिवाळीपर्यंत. दिवाळीपर्यंतची उधारी धरली तर माझा १८ लाखांचा रिपोर्ट जूनमध्येच बुडत होता. कागदावर फार देखणा होता.

मग सगळं उलटं केलं. कागदापासून पुठ्ठा स्वतः करायचा नाही. तयार शीट विकत घ्यायची, आपण फक्त कापायचं, स्लॉट पाडायचा, शिवायचं. सिंगल फेसर, पेस्टिंग सगळं गेलं. नवा आकडा साडेनऊ लाख, त्यात खेळतं भांडवलही धरलंय. नफा खोक्यामागं कमी होईल हे माहीत आहे. पण १० लाखांच्या आत आहे.

त्याच मॅनेजरकडं परत गेलो. उताऱ्याचा विषय त्यांनी काढलाच नाही. म्हणाले, "हे आधी का नाही आणलं?"

एक गोष्ट राहिली, ती बायकोच लिहिते म्हणते.

*

मी यांची बायको. यांच्याच नावानं लिहिते, वेगळं खातं काढलं नाही.

अर्ज माझ्या नावानं करायचं ठरलंय. पण कावेरीताईंचं वाचून मी यांना दोन अटी घातल्या. मी बी.कॉम. आहे आणि सहा वर्षं एका शीतगृहात बिलं करत होते, म्हणजे कोणाचे पैसे कधी येतात हे यांच्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. चालू खातं माझ्या सहीनं चालणार. आणि उधारी कोणाला द्यायची ते मी ठरवणार. यांनी खोकी शिवायची.

साडेनऊ लाखांवर माझे ४७,५०० भरायचे आहेत. ते माझ्या नोकरीच्या शिलकीतले. अनुदान ३ लाख ३२ हजार ५०० बसतं, तीन वर्षं ते नाहीच असं धरून चालले आहे. खातेउतारा काका, स्टिचिंगची वायर सांगलीहून, रिळावर. मशीन तेवढं अजून मला चालवता येत नाही, हे शिकवतायत. काल बोटाला लागलं.

कावेरी

वहिनी, दोन्ही अटी कागदावर घ्या. आणि बोटाला हळद लावा.

खातेउतारा

चालू खात्याच्या अर्जावर "एकटीच्या सहीनं" असं स्पष्ट लिहा. तोंडी सांगितलेलं खिडकीवरच्या माणसाला कळत नाही. मंजुरीपत्र आलं की हमीचं शुल्क, विमा आणि पहिला हप्ता कधीपासून, एवढ्या तीन ओळी आधी वाचा. हंगामाच्या आधी हप्ता सुरू होत असेल तर आत्ताच पुढं ढकलून मागा, नंतर कुणी ऐकत नाही.

पणजीकर

वहिनी, उधारी तुम्ही ठरवणार हे चुलतभावाला वाचून दाखवलं. त्याची बायको शेजारीच बसली होती. आता म्हापशात वातावरण तंग आहे.

शिरोळचा_पांडू

आमच्याकडं गुळाला खोकी लागतात हो. पाच प्लायची, एक किलोच्या वीस ढेपा बसतील अशी. किती नग घेतले तर दर काय द्याल?

खोकेवाला

पांडूभाऊ, माप पाठवा. रोख असेल तर दर मी सांगतो. उधार असेल तर हिला विचारा.